घर बघितल्याशिवाय मशीन नाही

"मालक कुठे आहेत?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर पाटीवर रंगवून दारात टांगावं, असं कितीदा तरी मनात आलं. पनवेलला टपाल नाक्याच्या आतल्या गल्लीत माझं कॉम्प्युटर असेंबल करायचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. मालक मी, मेकॅनिक मी आणि सकाळी झाडू मारणारीही मीच. आमचे हे शाळेत मराठी शिकवायचे; घरातला बल्ब बदलायचा तरी मला हाक मारायचे. पण गिऱ्हाईक आत येतं, काउंटरमागे हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेली साडीतली बाई बघतं आणि माझ्या खांद्यावरून मागच्या पडद्याकडे मान लांब करून विचारतं, "मालक?" मी म्हणते, "मालकच बोलतेय. बोला."

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, जरा प्रेरणादायी लिहा. संघर्ष वगैरे." ते काही मला जमायचं नाही. माझ्याकडे संघर्ष नाही, भांडणं आहेत. होलसेलवाल्याशी, गिऱ्हाइकांशी, शेजारच्या दुकानदारांशी मी भरपूर भांडले आणि बहुतेक वेळा माझंच बरोबर होतं. एकदा नव्हतं. ते आज लिहून टाकते.

आधी धंदा काय तो सांगते. तयार कॉम्प्युटर मिळतो तो डब्यात बंद. कंपनीने ठरवलं तेच आत. आमच्याकडे एकेक भाग निवडून मशीन जोडतात. गेमिंगचं मशीन म्हणजे साधंच मशीन आणि वर लाल-हिरवे दिवे, असा पुष्कळांचा समज आहे. छे! दिव्यांचा खेळाशी काही संबंध नाही. त्यात प्रोसेसर असतो, तो सगळा हिशोब करतो. ग्राफिक कार्ड असतं, ते पडद्यावरचं चित्र काढतं. या दोघांची जोडी जमावी लागते. लग्नात आचारी एक नंबर आणला आणि वाढपी दोनच ठेवले, तर पंगत खोळंबणार. वाढपी वीस आणले नि चुलीवर एकटा म्हातारा आचारी, तर वाढपी नुसते हात बांधून उभे. लोक महागातलं ग्राफिक कार्ड घेतात आणि प्रोसेसर जुनाच ठेवतात, मग माझ्याकडे येऊन म्हणतात, अडकतंय. अडकणारच ना!

हे सगळं ज्याच्यावर बसतं तो मदरबोर्ड. आणि सगळ्यात खाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एसएमपीएस. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येक भागाला पचेल तेवढी वाटायची, हे त्या डब्याचं काम. त्याच्यावर दिवे नाहीत, त्याचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून पैसे वाचवायचे तर सगळ्यांना तोच आठवतो. मोबाइलवर यादी घेऊन येणारी पोरं मला सांगतात, "काकू, एसएमपीएस कुठलाही चालेल." कुठलाही? घरी जाऊन आईला सांग, पाणी कुठलंही चालेल म्हणून! अशी यादी मी वाचत नाही, परत करते. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

आणि माझा एक नियम आहे. घर बघितल्याशिवाय मी भागांची यादी लिहीत नाही.

यावरून गल्लीत माझी भरपूर टिंगल झालीय. "मॅडम मुलगी बघायला निघाल्या," असं समोरचा झेरॉक्सवाला ओरडतो. ओरडू दे. मशीन कुठल्या टेबलावर बसणार, खिडकी कुठे, ऊन कुठून येतं, प्लगमध्ये तिसरी तार आहे की नुसतंच भोक, हे बघितल्याशिवाय मी काय निवडणार, कपाळ? उरणकडे खाडीकाठच्या एका कोळी घरात गेले, तर टेबल खाडीकडच्या खिडकीखाली आणि पलीकडे सुकटीचे डबे. त्या खाऱ्या वाऱ्यात कुठल्याही भागाच्या पिना वर्षभरात हिरव्या पडल्या असत्या. मी म्हटलं, टेबल आतल्या खोलीत जाईल तेव्हा मशीन येईल. घरातली आजारी सासू आधी आतल्या खोलीतून हलवावी लागणार होती. तिनेच आतून आवाज दिला, "आन दे गं बाय तुजी मशीन, मला काय, मी हॉलात टीव्ही बगीन." ते मशीन आजही चालतंय.

आपटा गावातले एक रिटायर एसटी ड्रायव्हर आहेत. वय सत्तरच्या पुढे. त्यांना ट्रक चालवायचा गेम खेळायचा होता, खरं स्टिअरिंग नि पायाखाली पेडल लावून. त्यांची सून मला हळूच म्हणाली, "नाही म्हणा ना त्यांना." मी उलट चांगलं मशीन लावून दिलं. महिन्याने त्यांचा फोन आला, "बाई, घाटात ब्रेक उशिरा लागतोय." मी गेले, तर पेडल सतरंजीवर ठेवलं होतं आणि ते सरकत होतं. रबराची चटई घातली. त्या माणसाने चहा पिता पिता मला सांगितलं की नोकरीत घाटात इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं, कारण आता मागे पन्नास माणसं बसलेली नसतात.

तर असा माझा नियम आणि असा त्याचा तोरा. आता घरतांकडचं सांगते.

हरिश्चंद्र घरत, सगळे त्यांना हरीशेठ म्हणतात. मूळचे मिठागरवाले, आजा-बापाने उन्हात मीठ ओढलं. मग जमिनी गेल्या, पैसा आला. आता त्यांचं करंजाड्याला बांधकामाचं ऑफिस आणि तिथेच तीन मजली नवा बंगला. दिवाळीच्या आधी ते मुलीला घेऊन दुकानात आले. मुलीचं नाव वैष्णवी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.

"मॅडम, आमाला यातलं काय कलत नाय," हरीशेठ म्हणाले. "सगल्यात भारी असल ते टाका. लायटी भरपूर पायजेत."

"पप्पा, लाइट्स नकोत," वैष्णवी म्हणाली आणि तिने माझ्यापुढे वहीचं पान ठेवलं.

मी कपाळाला आठ्या घालूनच ते पान उचललं. पण काय सांगू, अठ्ठावीस वर्षांत इतकी शहाणी यादी माझ्याकडे आली नव्हती. ती पाच जणांच्या टीमचा नेमबाजीचा गेम खेळायची. त्या खेळात चित्र सुंदर असून उपयोग नाही, ते झटझट बदललं पाहिजे. म्हणून तिने प्रोसेसर तगडा घेतला होता, ग्राफिक कार्ड मधलं, मॉनिटर वेगवान, कॅबिनेट साधं आणि हवेशीर. एसएमपीएस लिहिला होता तो मी स्वतः लिहिला असता तोच. मी फक्त प्रोसेसर गार ठेवणारा कूलर बदलला. तिने का म्हणून विचारलं, मी सांगितलं, तिने खोडून नवीन लिहिला.

माझा जीवच जडला त्या पोरीवर. आणि तिथेच मी माती खाल्ली. दिवाळीची गर्दी होती, हे खरं. पण गर्दी दर दिवाळीला असते. खरं कारण वेगळं आहे आणि ते लिहिताना आजही लाज वाटते. हरीशेठनी मोबाइलवर बंगल्याचा फोटो दाखवला. पोर्चमध्ये इटालियन मार्बल, कंपाउंडभर ग्रॅनाइट, दाराला पितळी सिंह. मी मनात म्हटलं, इथे काय बघायला जायचं? चाळीतल्या खोल्यांचे, कोळीवाड्यातल्या घरांचे प्लग मी संशयाने उघडून बघत आले, आणि मार्बल दिसल्याबरोबर गृहीत धरलं की वायरिंग नीट असणार. घर न बघता मी मशीन दिलं.

आठ दिवसांत वैष्णवीचा फोन. "काकू, मध्येच रिस्टार्ट होतंय. माउस पण बंद पडतो." मी मशीन दुकानात आणवलं. दोन दिवस अखंड चालवलं, हूं की चूं नाही. घरी गेलं, परत तेच. मी रॅम बदलली, एसएमपीएस बदलला. दुकानात गुणी बाळ, घरी गेलं की अंगात येतं. तिसऱ्यांदा हरीशेठ स्वतः आले आणि भर दुकानात, दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, आवाज चढवून म्हणाले, "मॅडम, तुमी आमाला जुना माल दिलाव. सगल्या पनवेलला सांगीन मी."

"सांगा ना!" मीही चढ्या आवाजात म्हटलं. "माल जुना निघाला तर दुकान तुमच्या नावावर करीन!"

तेवढ्यात त्यांच्या मागे उभी असलेली वैष्णवी रडायला लागली. मग कळलं काय ते. पुण्याच्या एका टीमला खेळाडू हवा होता. रविवारी अकरा ते एक तिची चाचणी होती, घरबसल्या, ऑनलाइन. मशीन मध्येच बंद पडलं की ती बाद. आणि हरीशेठनी घरात सांगून ठेवलं होतं, या रविवारी जमलं नाही तर मशीन चुलतभावाच्या पोराला जाईल आणि ती मुकाट्याने ऑफिसात बसेल. "खेलाचं एवढं काय," ते मला म्हणाले, "पोरीनं हापिस शिकायला पायजे." तो शुक्रवार होता.

"उद्या सकाळी मी घरी येते," मी म्हटलं. हे वाक्य मी एक महिना आधी म्हणायला हवं होतं.

शनिवारी मी साजिदभाईंना बरोबर घेतलं. ते वायरमन, माझ्यासारखेच खडूस, पण काम चोख. बंगला फोटोपेक्षा भारी होता. आम्ही चपला पोर्चमध्ये काढल्या. हरीशेठच्या घरच्यांनी तर पाहुण्यालासुद्धा आत चप्पल आणू दिली नसती, इतकी ती फरशी चकचकीत. वर वैष्णवीच्या खोलीत गेलो आणि मी बघतच राहिले. पोरगी टेबलापाशी रबरी स्लिपर घालून बसली होती.

"घरात चपला?" मी विचारलं.

"काकू, पाय खाली टेकला आणि हात कॅबिनेटला लागला ना, की झिणझिण्या येतात. म्हणून."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. सांगितलं असतं तर पप्पांनी मशीन काढून घेतलं असतं."

साजिदभाईंनी प्लगमध्ये मीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारेत जेमतेम दोन-तीन व्होल्ट दिसावेत, तिथे शंभराच्या वर. ते खाली जाऊन मेन बोर्ड उघडून आले, मग बाथरूममध्ये गेले. आले ते टेस्टर हातात धरून. "मॅडम, गिझरमधून करंट उतरतोय आणि घराची अर्थिंग जमिनीपर्यंत जातच नाही. सगळा करंट तारेतून घरभर फिरतोय. या बच्चीच्या मशीनपर्यंत."

बाहेरच्यांसाठी सांगते. अर्थिंग म्हणजे गळणाऱ्या विजेला जमिनीत जायची वाट. अंगणात खोल खड्डा, त्यात धातूची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. वीज गळली तर तिथून जमिनीत उतरते, माणसाला लागत नाही. शिवाय मेन बोर्डात एक स्विच असतो, तो गळती झाली की सगळं घर बंद करतो. इथे दोन्ही नव्हतं. वास्तुशांतीच्या दिवशी तो स्विच सारखा पडायला लागला, पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून कोणीतरी तार वळवून त्याला बाजूला काढलं. स्विच ओरडून सांगत होता, त्याचं तोंड बांधलं. आणि खड्डा?

"तो दारासमोर होता," हरीशेठ म्हणाले. "नव्या घरात दारात खड्डा बरा दिसतो काय? मार्बलखाली घेतला." फरशीवाल्यांनी काम करताना तार तोडली ती तोडलीच.

इतक्यात हरीशेठच्या बायको पदराला हात पुसत आल्या. "महिनाभर मी सांगतेय, न्हाणीत नल चावतो म्हनून. मला म्हनतात, तुला वात झालाय."

मी विचार केला, आता समजलं माणसाला. कसलं काय! "गिझर बंद करतो," ते म्हणाले. "झालं ना? पोरीचं उद्याचं होऊन जाऊ दे."

"नाही झालं. आज गिझर, उद्या फ्रिज. अर्थिंगला जागा हवी."

"मागं कुठं खना."

"शेठ, मागे ग्रॅनाइट, बाजूला ग्रॅनाइट," साजिदभाई म्हणाले. "कंपाउंडात वीतभर माती ठेवली नाही तुम्ही. कुठेही खणा, फरशी फुटणारच. जान प्यारी की फरशी?"

"इटलीचं मार्बल हाय ते!" हरीशेठचा चेहरा लाल झाला. "दोन दिसांनी माज्या बहिनीची मानसं येनार. दारात खोदून ठेवू? आनि मॅडम, चूक तुमच्या मशीनची नाय हे तुमी आता सांगताव. इतके दिस कुठं होताव?"

हे वर्मी लागलं. मग म्हटलं, "चूक माझीच आहे. घर बघितल्याशिवाय मी मशीन देत नाही. तुमचं मार्बल बघितलं आणि दिलं. तुमच्या पोरीला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. म्हणून आता ते मशीन मी परत नेतेय. या घरात अर्थिंग होईपर्यंत ते चालू होणार नाही."

"पैसे मी दिलेत! मशीन माजी हाय!"

"मग पोलिसांत जा!"

मी प्लग उपटला आणि मॉनिटरच्या तारा काढायला लागले. वैष्णवी माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, आता ही म्हणणार, काकू, उद्यापुरतं राहू द्या. "उद्या दुकानात खेळ," मी तिला म्हटलं. "माझं अर्थिंग दर पावसाळ्याआधी तपासलेलं असतं."

"माजी पोर बाजारात बसून खेलनार?" हरीशेठ ओरडले. "चार लोकांसमोर?"

वैष्णवीने स्लिपर काढल्या. वाकून कॅबिनेटची एक बाजू उचलली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही ती बाजू धरा." जिन्यावरून आम्ही दोघींनी ते मशीन खाली आणलं. पोर्चमध्ये हरीशेठ आडवे उभे होते. ती थांबली नाही. बाजूला त्यांनाच व्हावं लागलं.

रविवारी सव्वादहाला मी काउंटरवर मशीन मांडलं, मोडेमची तार थेट लावली, युपीएस जोडला. अकराला ती हेडफोन चढवून बसली आणि मग तिला जगाची शुद्ध राहिली नाही. एरवी खालमानेने बोलणारी पोरगी चार अनोळखी पोरांना दरडावून सांगत होती, डावीकडे ये, थांब, मी जाते. मशीन एकदाही अडकलं नाही. मी पाठीमागे स्टुलावर बसून नुसती पंख्याचा आवाज ऐकत होते.

साडेअकराला साजिदभाईंचा फोन आला. सकाळी सातलाच त्यांना हरीशेठनी बोलावून घेतलं होतं. हरीशेठ रात्रभर झोपले नसावेत, असं साजिदभाई म्हणाले. मजूर यायच्या आधी स्वतःच घण उचलला आणि दारासमोरचं मार्बल फोडलं. साजिदभाईंनी वाण्याकडून पिशवीतलं मीठ मागवलं, तर ते शेठनी भिरकावून दिलं म्हणे. भावकीतल्या कोणाकडून तरी पोतंभर खडेमीठ आणवलं आणि खड्ड्यात उतरून हाताने थर घातले. "मॅडम, कोळसा किती, मीठ किती, मला शिकवत होता तो आदमी," साजिदभाई हसत होते.

निवड झाली का, हे सगळेच विचारतात, म्हणून सांगून टाकते. पाचांत नाही झाली. राखीव म्हणून घेतलं आणि चार महिन्यांनी पाचांत आली. मशीन तिच्याच खोलीत आहे. मी स्वतः मीटर लावून, शून्याजवळचा काटा बघून मग ते चालू केलं. कोण्या पोराला ते गेलं नाही. माझ्याबद्दल म्हणाल तर त्यानंतर मी राजवाडा असला तरी आत जाऊन प्लग उघडते. लोक हसतात. मोबाइलवर मागवलं तर दोन दिवसांत सगळे भाग दारात येतात, तुमची गरज काय, असं तोंडावर विचारतात. विचारू देत. ज्यांना गरज नाही त्यांनी खुशाल मागवावं. मी दुकान बंद करणार नाही.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. बारा वाजून गेले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी मान वळवली तर काचेच्या दाराबाहेर हरीशेठ उभे. पांढरा शर्ट धुळीने माखलेला, हाताच्या बोटांना फडकं बांधलेलं. मी उठून आत या म्हणून खूण केली. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि वैष्णवीकडे बोट दाखवलं. तिची पाठ दाराकडे होती, तिला काही पत्ता नव्हता. ते तसेच पायरीवर उन्हात उभे राहिले, काचेतून तिच्या पाठीकडे बघत.

थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक काखेत लॅपटॉप मारून आलं. हरीशेठनी दारावर हात आडवा धरला.

"दुकान बंद आहे का?" त्याने विचारलं.

"चालू हाय," हरीशेठ म्हणाले. "एक वाजता ये. आत माजी पोरगी कामावर हाय."